घरात वन्यप्राणी पाळण्यावर नियम : 'काय चालणार नाही' याची यादी हवी की 'काय चालेल' याची?

सांजवारा (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज सविस्तर लिहिते.

गेली ६ वर्षं सुट्टीच्या दिवशी मी एका निवारा केंद्रात काम करते. हौसेनं आणलेले आणि पुढे जड झालेले प्राणी-पक्षी तिथे येतात. आफ्रिकन ग्रे जातीचा एक पोपट आला तेव्हा गळ्याखाली त्याच्या अंगावर एक धड पीस नव्हतं. छाती उघडी, कातडी लालसर, जागोजागी खपल्या. डोक्यावरची पिसं तेवढी शाबूत, कारण तिथवर स्वतःची चोच पोचत नाही. दिवे मालवायची वेळ झाली की तो एका बाईच्या आवाजात म्हणायचा, "आले गं, आले." मग कडी काढल्याचा आवाज. मग पुन्हा "आले गं". ज्यांनी त्याला आणून सोडलं त्यांना मी विचारलं, हा आवाज कुणाचा? त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे तो आधीच्या कुठल्यातरी घरातून आला होता.

हा पक्षी नीट सांभाळला तर ४०-५० वर्षं जगतो. तेवढ्या काळात माणसाचं लग्न होतं, मुलं होतात, घर बदलतं, आजारपणं येतात. पोपट तोच असतो. या पोपटानं किमान दोन घरं पाहिली आणि त्यातल्या एकाही टप्प्यावर कुणी विचारलं नाही की यानंतर याला कोण बघणार. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. आपले नियम प्राणी विकत घेण्याच्या दिवसापुरते असतात, ते त्याच्या पूर्ण आयुष्याचे असायला हवेत.

बहुतेक देशांत 'हे पाळायचं नाही' अशी यादी असते आणि यादीबाहेरचं सगळं आपोआप चालतं. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला, १९७५ पासून लागू आहे, १८० हून अधिक देश त्यात आहेत. या करारानं फार मोलाचं काम केलं आहे. आफ्रिकन ग्रे पोपटाला २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सर्वात कडक परिशिष्टात घेतलं ते त्याच करारानं. पण तो करार देशोदेशींमधला व्यापार बघतो. सरहद्द ओलांडून प्राणी घरात आला की पिंजरा केवढा, प्राणी एकटा आहे का, आजारी पडला तर बघणारा डॉक्टर आहे का, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. शिवाय जी जात दुर्मीळ नाही ती त्या यादीत सहसा नसते. पण दुर्मीळ नाही म्हणून घरात ठेवण्याजोगी आहे, असं कुठे असतं?

म्हणून मला उलट्या यादीचं म्हणणं पटतं. कोणते प्राणी घरी सुखानं राहू शकतात ते आधी तपासायचं, तेवढेच यादीत घालायचे, बाकीच्यांना परवानगी नाही. जे असे प्राणी आज पाळत आहेत त्यांनी इथे मोकळेपणानं लिहावं ही विनंती. त्यांना इथे कुणी झोडपणार नाही.

कासवचाल

मोकळेपणानं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. माझ्याकडे ११ वर्षांपासून बॉल पायथन जातीच्या अजगराची एक मादी आहे. पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला जागा, आर्द्रतेचा काटा, दर महिन्याला वजनाची नोंद. कात टाकताना ती अखंड निघाली की नाही, डोळ्यांवरचा पापुद्रा सुटला की नाही, हे मी हातात घेऊन उजेडात बघतो. ११ वर्षांच्या काती एका वहीत चिकटवलेल्या आहेत. हे सगळं कुठल्याही कायद्यानं मला सांगितलेलं नाही.

माझं दुखणं असं की नियम आले की ते आधी माझ्यासारख्याच्या घरी येतात. जो उघडपणे विकत घेतो, पावती जपतो, डॉक्टरकडे नेतो, तो सापडतो. चोरून आणणारा सापडत नाही, त्याच्याकडे पावतीच नसते. सरसकट बंदी आली की व्यवहार थांबत नाही, बंद दारामागे जातो. मग आजारी प्राणी डॉक्टरकडे न्यायलाही लोक घाबरतात. याचा विचार व्हावा.

भुईनळा

कासवचाल, वहीचं वाचून फार आदर वाटला. पण तुमच्यासारखे शंभरात किती निघतील?

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे. डॉक्टरकडे न्यायला लोक घाबरतात हे कासवचाल यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ते माझ्या टेबलावर दिसतं. पण डॉक्टरच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. आमचं बहुतेक शिक्षण गाई-म्हशी, घोडे, कुत्री-मांजरं यांच्यावर होतं. सरड्याला भूल किती द्यायची हे मला पुढे स्वतःहून शिकावं लागलं. कित्येक ठिकाणी शंभर मैलांत असा एकही डॉक्टर नसतो.

मागच्या वर्षी एक हिरवा इग्वाना, म्हणजे मोठा सरडा, आणला होता. मालकाची तक्रार, "खात नाही, पाय सुजलेत." सूज बघून घरच्यांना वाटत होतं, अंगानं भरलाय. मी खालचा जबडा दोन बोटांत धरला तर तो रबरासारखा वाकला. एक्स-रेमध्ये हाडं धुरकट, मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं. जनावर हूं की चूं करत नव्हतं. दीड वर्ष ते खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत होतं. मालकांना वाटायचं, ऊन मिळतंय. पण ज्या अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते काचेतून येतच नाहीत. ड नाही म्हणून कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढतं. सूज दिसते ती हाड पोकळ होताना शरीरानं भोवती घातलेल्या तंतूंची.

ते कुटुंब क्रूर नव्हतं. मुलगी टेबलाशी उभी राहून रडत होती. त्यांना विकणाऱ्यानं दिवा दिला होता, फक्त उबेचा. प्राणी विकताना सोबत लेखी माहिती आणि योग्य सामान देण्याची सक्ती असती तर हे हाड मोडलं नसतं. माझी पहिली मागणी विकणाऱ्यावर बंधन घालायची आहे, पाळणाऱ्याच्या आधी.

अनवट

इग्वाना, अजगर ठीक आहे. पण वाघ-सिंह कोण घरी पाळतं? त्यासाठी कायदे करत बसायचे?

तळटीप

अनवट, पाळतात. १८ ऑक्टोबर २०११ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या झेन्सव्हिल गावाबाहेर काय झालं ते वाचा. एका खासगी मालकाकडे ५६ प्राणी होते. त्या संध्याकाळी त्यानं पिंजरे उघडले आणि स्वतःचा जीव घेतला. अंधार पडत आलेला, रस्त्यावर वाहनं, आसपास वस्ती. पोलिसांनी ४८ प्राणी गोळ्या घालून मारले. त्यात १८ वाघ आणि १७ सिंह होते. ओळीनं मांडलेल्या देहांचा फोटो तेव्हा जगभर गेला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्याच वर्षी जानेवारीत त्या राज्याच्या मावळत्या गव्हर्नरनं असे प्राणी नव्यानं पाळण्यावर बंदी घालणारा तात्पुरता आदेश काढला होता. नव्या सरकारनं तो एप्रिलमध्ये संपू दिला. ऑक्टोबरमध्ये हे घडलं. २०१२ मध्ये कायदा आला : नोंदणी, मायक्रोचिप, विमा, परवाना. काही मालक मायक्रोचिपच्या सक्तीविरुद्ध न्यायालयात गेले, तिथेही कायदा टिकला.

देशपातळीवर वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांसाठी कायदा व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं. खासगी मालकी बंद, पिल्लं लोकांच्या हातात देऊन फोटो काढणं बंद. ज्यांच्याकडे आधीपासून होती त्यांनी जून २०२३ पर्यंत नोंद करायची, प्राणी आपल्याकडे ठेवायचा, पण पैदास करायची नाही, विकायचा नाही.

भुईनळा

फोटोचा धंदा बंद झाला हे फार बरं झालं. त्या फोटोंसाठी सतत नवी पिल्लं लागतात. पिल्लू काही आठवड्यांतच हाताळायला धोक्याचं होतं. मग मोठं झाल्यावर त्याचं काय करायचं हा विचार ते जन्माला घालताना कुणी केलेला नसतो.

अनवट

तळटीप, हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद. पण गोळ्याच का घातल्या, बेशुद्ध करता आलं नसतं?

सुईदोरा

भुलीचं इंजेक्शन लागलं आणि वाघ आडवा झाला असं प्रत्यक्षात होत नाही. औषध मांसपेशीतून रक्तात उतरायला कित्येक मिनिटं जातात. प्राणी बिथरलेला असेल तर अंगातल्या अॅड्रेनलिनमुळे आणखी वेळ लागतो, कधी मात्रा पुरतच नाही. त्या घटनेत एका वाघाला भुलीचा डार्ट मारला होता, तो उसळून अंगावर आला आणि त्यालाही गोळी घालावी लागली. अंधारात, मोकळ्या रानात, प्राण्याच्या वजनाचा अंदाज नसताना मीही तो डार्ट मारायला तयार झालो नसतो. ज्यांनी गोळ्या चालवल्या त्यांना दोष देऊ नये.

पाणवठा

मी जलचर आणि पाणथळ जागांच्या अंगानं लिहिते. आतापर्यंत चर्चा मालक आणि प्राणी या दोघांपुरती झाली. तिसरा पक्ष आहे तो बाहेरचा निसर्ग.

'मारवत नाही म्हणून सोडून दिलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते. लाल कानाच्या स्लायडर कासवाचं उदाहरण घ्या. विकताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं असतं. पुढे त्याची पाठ फूटभर लांब होते, आणि ते ३० वर्षंही जगतं. काचेची टाकी लहान पडते, पाण्याला वास येतो, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडतात. मग कासव तळ्यात. तिथे ते स्थानिक कासवांची उन्हाला बसायची जागा, खाणं, अंडी घालायची जागा बळकावतं. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, पण आयात झालेली लाखो कासवं तोवर घरांत आणि तळ्यांत पोचली होती. २०१६ मध्ये त्याला आक्रमक परक्या जातींच्या यादीत घालावं लागलं. अमेरिकेत तर १९७५ पासून ४ इंचांहून लहान पाठीचं कासव विकायला बंदी आहे, ती मुलांना साल्मोनेलाचा जंतुसंसर्ग होतो म्हणून. लहान मूल ते तोंडात घालतं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशातले बर्मी अजगर सगळ्यांना माहीत असतील. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले, काही सोडलेले, काही निसटलेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अजगर जिथे सर्वात जुने आहेत त्या भागात रस्त्यावर दिसणारे रॅकून ९९ टक्क्यांहून जास्त घटलेले आढळले, ओपॉसमही जवळजवळ तितकेच. रात्री गाडी चालवत प्राणी मोजत जायची ती पद्धत. मैलोन्‌मैल काहीच दिसत नाही असा रस्ता डोळ्यांसमोर आणून बघा.

कोलंबियात एका अमली पदार्थांच्या तस्करानं, पाब्लो एस्कोबारनं, आपल्या खासगी प्राणिसंग्रहासाठी १९८० च्या दशकात ४ पाणघोडे आणले. १९९३ मध्ये तो मेला. बाकीचे प्राणी हलवले, पाणघोडे अवजड म्हणून तिथेच राहिले. आज त्यांची संख्या शंभराच्या बरीच वर गेली आहे आणि २०२२ मध्ये देशानं त्यांना आक्रमक जात जाहीर केलं. ४ प्राण्यांच्या वेळी जे काम एका आठवड्याचं होतं ते आज दशकांचं झालं आहे.

कासवचाल

पाणवठाताई, सोडून देणारे लोक आमच्या छंदालाही बट्टा लावतात. पण याला दुसरी बाजू आहे. बंदिवासात जन्मलेले प्राणी बाजारात असले की रानातून पकडण्याची गरज राहत नाही. माझी मादी पैदास केंद्रात जन्मलेली आहे. चांगली पैदास हाच तस्करीवर उपाय आहे असं मला वाटतं. बंदी घातली तर मागणी पुन्हा रानाकडे वळेल.

तळटीप

हे सगळ्याच जातींना लागू होत नाही. इंडोनेशियातून निर्यात होणाऱ्या हिरव्या झाड-अजगरांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. कागदावर सगळे 'पैदास केंद्रात जन्मलेले'. संशोधकांनी पकडणाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत साखळी तपासली तेव्हा किमान ८० टक्के रानातून उचललेले निघाले. रानातला अजगर पकडून पैदास केंद्राच्या शिक्क्यानं बाहेर काढणं, पिल्लं वाढवण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. जोवर ते स्वस्त आहे तोवर 'बंदिवासात जन्मलेला' हा शिक्का नुसता वाचून चालणार नाही.

कासवचाल

हा आकडा वाचून वाईट वाटलं. माझ्या पावतीवरही तेच तीन शब्द आहेत, आणि ते खरे आहेत हे मी विक्रेत्याच्या शब्दावर मानलं. तपासायचा मार्ग माझ्याकडे नव्हता.

सुईदोरा

मार्ग करता येतो. पैदास करणाऱ्यानं नर-मादी, अंड्यांची तारीख, पिल्लांची संख्या यांची नोंदवही ठेवायची. एक मादी वर्षात किती अंडी देते हे ठाऊक असतं. १० माद्यांच्या केंद्रातून ५०० पिल्लं 'जन्मली' तर बेरजेतच चोरी दिसते. कुणीतरी ती बेरीज करायला हवी, एवढंच.

भटकी मैना

मला व्हिडिओंबद्दल लिहायचंय. काही वर्षांपूर्वी मीही लोरिस या छोट्या माकडवर्गीय प्राण्याचा तो व्हिडिओ दहा जणांना पाठवला होता. मोठाले डोळे, कुणीतरी काखेत गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून बसलाय, जणू म्हणतोय अजून कर. आम्ही घरी सगळे हसलो होतो.

नंतर कळलं की लोरिस घाबरला की हात वर करतो. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते, हात डोक्याकडे नेऊन तिथला स्राव चाटला की लाळेत मिसळून तो विषारी होतो. विषारी चावा असलेला हा एकच माकडवर्गीय प्राणी. म्हणजे तो चावायची तयारी करत होता. तो चावू नये म्हणून विकणारे त्याचे दात कापतात, नखं कापायच्या कात्रीनं, भूल न देता. कितीतरी लोरिस जंतुसंसर्गानं तिथेच मरतात. तो निशाचर प्राणी आहे, ते डोळे अंधारासाठी आहेत, आणि व्हिडिओत लख्ख दिवा होता. २००७ पासून तो साइट्सच्या सर्वात कडक परिशिष्टात आहे, तरी व्हिडिओंमुळे मागणी वाढत राहिली.

असे व्हिडिओ उतरवणं, निदान त्यांवर इशारा लावणं हेही कायद्यात यावं. मी पाठवलेले दहाही जणांना पुन्हा लिहून कळवलं होतं. दोघांनी उत्तर दिलं.

सुईदोरा

भटकी मैना, हा प्रतिसाद जपून ठेवतो. रोगांचं एक राहिलं ते लिहितो. २००३ मध्ये अमेरिकेत मंकीपॉक्सची साथ आली, ६ राज्यांत ४७ जणांना लागण झाली. घानाहून पाळण्यासाठी आणलेले मोठे उंदीर एका विक्रेत्याकडे प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या शेजारी ठेवले होते. प्रेअरी डॉगना लागण झाली, ते घरोघर विकले गेले, मुलांना ओरखडले, चावले. एका खोलीत दोन खंडांचे प्राणी शेजारी ठेवले एवढंच निमित्त. पोपटांकडून येणारा सिटाकोसिस, माकडांच्या चाव्यातून येणारा हर्पिस बी, हेही आहेतच. विलगीकरणाची सक्ती नसेल तर डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

कलमदान

कायद्याच्या अंगानं लिहितो, कारण धागाकर्तीनं विचारलेला मूळ प्रश्न तो आहे.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून धोकादायक वन्यप्राण्यांसाठी परवाना लागतो. स्थानिक प्रशासन तो देतं, त्याआधी पशुवैद्य जागा तपासतो, तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाईचा विमा लागतो. चांगला कायदा आहे, पण त्यातला मुख्य विचार माणसाच्या सुरक्षेचा. निरुपद्रवी पण घरात हाल होणारा प्राणी त्यात येत नाही. माकडवर्गीय प्राण्यांच्या देखभालीसाठी वेगळे परवाना-नियम इंग्लंडनं केले ते थेट २०२४ मध्ये.

सांजवारा यांनी मांडलेली उलटी यादी सस्तन प्राण्यांसाठी बेल्जियमनं या शतकाच्या सुरुवातीलाच आणली, ४२ जातींची. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. २००८ च्या निकालाचा मथितार्थ सांगतो : अशी यादी करता येते, पण ती वस्तुनिष्ठ निकषांवर हवी, आणि एखादी जात यादीत घ्या असं म्हणणाऱ्याला अर्ज करायची, नकार मिळाला तर कारणं समजायची आणि दाद मागायची सोय हवी. हे मला फार न्याय्य वाटतं. कासवचाल यांच्या वहीला अशा अर्जात पुरावा म्हणून किंमत राहील.

नेदरलँड्सची यादी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ३० सस्तन जाती. यादीबाहेरचा प्राणी आधीपासून घरी असेल तर तो मरेपर्यंत ठेवता येतो, त्याची पैदास करता येत नाही.

भारताबद्दल थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी प्राण्यांना संरक्षण दिलं, परदेशी जाती बराच काळ त्याबाहेर राहिल्या. जून २०२० मध्ये केंद्रानं ६ महिन्यांची मुदत देऊन, कागदपत्रं न मागता, घरी असलेले परदेशी प्राणी जाहीर करायला सांगितलं. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिनं साइट्समधल्या जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी करायची, पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तर कळवायचं. चांगली पावलं आहेत. फट एवढीच की ही नोंदणी साइट्सच्या यादीला बांधलेली आहे. शुगर ग्लायडर हा झाडांवरून तरंगत जाणारा छोटा प्राणी त्या यादीत नाही, मग तो घरात कसाही ठेवला तरी या नोंदणीत दिसणार नाही.

अनवट

म्हणजे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आणि परदेशी पोपट नोंदणी केली की चालतो?

कलमदान

हो, साधारण तसंच. देशी पोपट रानातून पकडूनच आणलेला असतो, त्यामुळे तिथे बंदी बरोबर आहे. पण पिंजऱ्यातला त्रास पोपट कुठल्या देशाचा यावर ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पाणवठा

मला आधीपासून घरात असलेल्या प्राण्यांची काळजी वाटते. नवा नियम आला की पहिल्या महिन्यात तळी आणि जंगलं भरतात. दंडाच्या भीतीनं रात्रीतून सोडून येणारे लोक असतात. त्यामुळे नियम जाहीर होण्याआधी प्राणी आणून द्यायची जागा तयार हवी, आणि आणून देणाऱ्याला एकही प्रश्न विचारायला नको. निवारा केंद्रांकडे ती जागा आहे का?

सांजवारा

खरं सांगते, नाही. आमच्याकडे ४० पिंजरे आहेत आणि ४० भरलेले आहेत. मोठे पोपट आणून द्यायला थांबलेल्यांची वेगळी यादी आहे. सरडे-अजगरांसाठी तापमान धरून ठेवणाऱ्या खोल्या लागतात, त्यांचा विजेचा खर्च देणग्यांतून निघत नाही. परत केलेला प्राणी रानात सोडायचाही मार्ग नसतो. तो मुळात कुठल्या रानातला हे कळत नाही, आणि माणसांत वाढलेल्याला तिथे खाणं शोधता येत नाही. म्हणजे आमच्याकडे आलेला प्राणी उरलेलं सगळं आयुष्य आमच्याकडेच.

म्हणून माझी सूचना अशी की विक्रीच्या वेळीच काही रक्कम बाजूला काढून ती निवाऱ्यासाठीच्या निधीत जावी. जेवढं प्राण्याचं आयुर्मान जास्त तेवढी रक्कम जास्त. आज पैदास करणारा आणि विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो आणि पुढची ३० वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी माथी येतात.

कासवचाल

दिवसभर धागा वाचतोय. नोंदणी, मायक्रोचिप, पैदास केंद्रांची नोंदवही, विकताना लेखी माहिती, निवाऱ्याचा निधी, या सगळ्याला माझा पाठिंबा, आणि मी माझ्या मादीची नोंद करायला तयार आहे. यादीबद्दल अजून मन होत नाही. माझ्या घरात ती सुखात आहे असं मला मनापासून वाटतं आणि उद्या यादीत बॉल पायथन नसेल तर माझ्यासारखा पुढचा माणूस तिला कधीच भेटणार नाही. पण कलमदान म्हणतात तशी अर्जाची वाट खरोखर उघडी असेल तर मी वही घेऊन जाईन.

एक कबूल करतो. बॉल पायथन ३० वर्षं जगू शकतो. मी आज ५२ वर्षांचा आहे. माझ्यानंतर तिला कोण बघणार हे मी आजवर कुणाशी बोललो नव्हतो. आज दुपारी भाच्याला फोन केला. तो विचार करून सांगतो म्हणाला.

भटकी मैना

सांजवाराताई, तो पोपट आता कुठे आहे?

सांजवारा

आमच्याकडेच आहे. शेजारच्या पिंजऱ्यात त्याच जातीची मादी आहे. मध्ये जाळी आहे आणि दिवसातला बराच वेळ दोघं जाळीला टेकून बसतात. छातीवर राखाडी लव आली आहे, मोठी पिसं मात्र आली नाहीत. मूळच खराब झालं की ती परत येत नाहीत.

प्राणी घरी नेण्यासाठीच्या आमच्या अर्जात एक रकाना आहे. तुमच्यानंतर हा पक्षी कुणाकडे जाईल, त्या माणसाचं नाव आणि त्याची स्वतःची सही. आतापर्यंत दोन कुटुंबांनी त्याला मागितलं. दोन्ही चांगली माणसं होती, घरं मोठी होती, तीन-तीन वेळा येऊन त्याच्याजवळ बसली. दोघांचेही अर्ज त्या रकान्याशी थांबले आहेत. फाइलमध्ये आहेत, मी परत केलेले नाहीत.

काल संध्याकाळी दिवे मालवताना तो पुन्हा म्हणाला, "आले गं." मी दारातून परत फिरले आणि थोडा वेळ त्याच्यापाशी थांबले.